चिठ्ठीवरचा बट्टा

वसमतच्या रस्त्याला, ऊसतोड मजुरांच्या खोप्यांसमोर पारुबाईचं किराणा दुकान होतं. साल शहात्तर. टोळीचा ठेकेदार किशनराव मजुरांना रोख पैशांऐवजी सहीशिक्क्याच्या दोन-दोन रुपयांच्या चिठ्ठ्या द्यायचा. मजूर त्या देऊन पारुबाईकडून पीठमीठ न्यायचे. ती त्याच्याकडे चिठ्ठी वटवायला गेली, की किशनराव रुपयामागे दहा पैसे बट्टा कापायचा.

पारुबाईला रुपयामागे सुटायचेच मुळी आठ पैसे. धंदा जेवढा जोरात, तेवढी बाई खड्ड्यात!

शेवटी तिनं चिठ्ठीवाल्यांना भाव चढवला. तशी तांड्यावरची रूपाबाई हातातल्या कोयत्यासकट दारात उभी राहिली.

"गूळ आमालाच महाग काहून?"

"मला बट्टा बसतो, बाई."

"मंग ज्यानं चिठ्ठी काढली त्याला बसव की! तोडून तोडून हाताची सालं निघाली, अन् वरून आमीच भरावं?"

पारुबाई वरमली. भाव तिनं उतरवला, पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

चार दिवसांनी किशनराव स्वतःच दुकानात आला. घरी सोयरे आले होते. साखर, खारका, चहापत्ती असे बारा रुपये झाले. त्यानं ऐटीत शंभराची नोट टाकली. दुकानात मजुरांची ही गर्दी. पारुबाईनं चव्वेचाळीस चिठ्ठ्या मोजून त्याच्या हातावर ठेवल्या.

"हे काय?"

"तुमचे अठ्ठ्याऐंशी रुपये. बराबर हायेत का बघा."

"ह्या घेऊन मी काय करू? बाजारात कोण विचारतं ह्यांना?" किशनराव ओरडला.

मागून रूपाबाई म्हणाली, "व्हय मालक, आमी बी तेच म्हणून राहिलो."

असा हशा पिकला, की बाहेरचे बैल दचकले. सह्या त्याच्याच, नाकारणार कशा? किशनरावानं चिठ्ठ्या खिशात कोंबल्या आणि खारका घेऊन तो तरातरा निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मजुरांना निम्मी मजुरी रोख मिळाली. बट्टा दहावरून तीन पैशांवर आला. पुरता सोडला न्हाई, ठेकेदारच तो. पण पारुबाईला रुपयामागे पाच पैसे सुटायला लागले, आणि हंगाम उठल्यावर तिनं दुकानावर नवे पत्रे टाकले.