कॅसेटमधली बकरी

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे काटेवालीच म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. बंद पडलेला काटा समोर आला की ती तो आधी कानाशी नेऊन हलवायची, मग म्हणायची, "होईल." आणि व्हायचा. म्हणूनच तिच्या मावशीने कपाट आवरताना सापडलेली व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट तिच्या दुकानातल्या टेबलावर ठेवून "यातलं काही निघेल का गं?" असं विचारलं, तेव्हाही तिने ती कानाशी हलवली आणि म्हणाली, "निघेल."

मावशी तरुणपणी एका छोट्या कंपनीत गेमसाठी चित्रं काढायची. चार माणसांनी वर्षभर खपून एक गेम तयार केला होता. त्यात एक बकरी गच्च्यांवरून उड्या मारत लोकांचे वाळत घातलेले कपडे खायची. गेम बाजारात जायच्या आधीच कंपनी बुडाली आणि तपासणीसाठी भरलेली ही एकुलती एक कॅसेट मावशीकडे राहिली. ज्या यंत्रात ती चालायची, ते कुठल्या कुठे गेलं. अशा कॅसेट वाचायची तयार साधनं मिळतात, पण ती नावाजलेल्या यंत्रांची. या बिचाऱ्या यंत्राला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

"मग आपणच बनवू वाचायचं साधन," काटेवाली म्हणाली.

"जमेल तुला?"

"कॅसेट म्हणजे हजारो खणांचं कपाट समज. काही तारांवरून खणाचा नंबर सांगायचा, बाकीच्या तारांवरून ती आत काय आहे ते सांगते. एकेक खण विचारत जायचं. आपण थकू, यंत्र थकत नाही."

भंगारवाल्याकडे शोधून शोधून तिने त्याच जातीचं एक मेलेलं यंत्र मिळवलं आणि कॅसेट बसायची खाच त्यातून अलगद उपटून काढली. त्यातली कुठली धातूची पट्टी कशाची, हे वीज तपासायचं मल्टिमीटर लावून वहीत उतरवलं. मग हाताच्या पंजाएवढ्या एका सर्किट बोर्डाला त्या खाचेतून एकेक तार सोल्डर केली. वीज दिली ती एका निवृत्त काट्याच्या चार्जरमधून. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी तिने कॅसेटच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, ती खाचेत बसवली आणि मावशीला बोलावून घेतलं.

कॉम्प्युटरवर आकडे भराभर उतरले. मग कुणा हौशी माणसाने लिहिलेल्या, त्या जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये तिने ते घातले. पडदा काळाठिक्कर.

मावशीने मांडीवरची पर्स बंद केली. काटेवालीला ते बरोबर कळलं. 'निघेल' म्हणताना आपण जरा जास्तच ऐटीत होतो की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं. पण हातपाय गाळून बसणं तिला माहीतच नव्हतं. तिने कॅसेट पुन्हा वाचली, मग आणखी एकदा. तिन्ही वेळचे आकडे तंतोतंत सारखे.

"म्हणजे तार सैल नाही," ती म्हणाली. "सैल असती तर दर वेळी वेगळं खोटं बोलली असती. ही एकच खोटं ठामपणे बोलतेय. थांब, आकड्यांची चित्रं करून बघू."

पडद्यावर लहान लहान चौकोनी तुकडे उमटले. काटेवालीला तो नुसता गोधडीचा पसारा वाटला. मावशीने मात्र चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एकदम हसायलाच लागली.

"अगं, हिचं डोकं शेपटीखाली गेलंय."

"कुणाचं?"

"बकरीचं! आम्ही एकेक चित्र चार तुकड्यांत करायचो. वर शेपटी आणि डोकं, खाली मागचे पाय आणि पुढचे पाय. इथे बघ, शेपटी जागेवर आहे, पुढचे पाय जागेवर आहेत. डोकं आणि मागचे पाय मात्र एकमेकांच्या घरात जाऊन बसलेत." तिचं बोट पडद्यावर पुढे सरकलं. "ढगाचंही तेच. पाण्याच्या टाकीचंही तेच."

"प्रत्येक ठिकाणी दुसरा आणि तिसरा?"

"प्रत्येक ठिकाणी."

काटेवालीने वही उघडली. खणाचा नंबर सांगणाऱ्या तारांपैकी शेजारशेजारच्या दोनच तारांची अदलाबदल झाली, तर नेमकं हेच होणार. पहिला खण बरोबर, चौथा बरोबर, मधले दोन उलटे. तिने बोर्ड पालथा केला. दोन पिवळ्या तारा, एकीच्या जागी दुसरी. सगळं जग शोधून झालं होतं आणि चूक नाकासमोर बसली होती.

"माझीच चूक," ती म्हणाली आणि सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली.

दहा मिनिटांनी बकरी गच्चीवर उभी होती. धड चार पायांवर, तोंडात कुणाचा तरी पायजमा. मावशीने खुर्ची आणखी पुढे ओढली. मग तिने कीबोर्ड जवळ घेतला आणि पहिल्याच उडीत बकरी खाली पाडली. दुसऱ्यांदाही पाडली.

"तेव्हाच सांगितलं होतं मी, दुसरी गच्ची फार लांब आहे म्हणून," ती म्हणाली. "आणि ही शिंगं. मला मागे वळलेली हवी होती. साहेब म्हणाले, एवढं कोण बघतंय."

"आता बदलता येतील. तू काढ, मी भरते."

"चौकटीचा कागद आहे?"

तसा कागद दुकानात नव्हता. मावशीने बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर पट्टीने आठ उभी, आठ आडवी घरं आखली आणि पेन्सिलीने एकेक घर भरायला घेतलं. जेवायच्या वेळेपर्यंत बकरीची शिंगं डौलात मागे वळली होती, आणि मावशीने ढगांकडे मोर्चा वळवला होता.