पान एकसष्ट ते चौऱ्याहत्तर

पान १ ते ६०

वाचून झाली. वळसंगच्या घरी, सोप्यात बसून भुवनेश्वरी आपल्या पहिल्या कादंबरीची प्रुफं मोठ्यानं वाचत होती. तिची आई चंद्रव्वा शेंगा फोडत ऐकत होती. चंद्रव्वाची शाळा कन्नड. मराठी कानानं सगळं कळायचं, अक्षर एक लागायचं नाही. पणजीनं पेरलेलं रान आलं, आजीनं हाकलेली मोट आली. चंद्रव्वा खुदकन हसली. "म्हातारी अश्शीच शिव्या घालायची की. लई ब्येस!"

नव्या पेठेमागच्या छापखान्यातून सिद्धारामचे दोन फोन येऊन गेले होते. दोन वाजता मशीन सुरू होणार. आईनं ऐकल्याशिवाय छापू नका, असं भुवनेश्वरीनंच बजावलं होतं.

पान ७५

"थांब," चंद्रव्वा म्हणाली. "मधली पानं गठ्ठ्यानं उलटलीस. वाचता येत न्हाय मला, दिसतंय की."

"कंटाळवाणं आहे ते, अव्वा."

"चंद्रिकाचं हाय न्हवं?"

चंद्रिका भुवनेश्वरीची थोरली बहीण. त्या वर्षी सासरचा मार खाऊन तिसऱ्यांदा माहेरी आली होती.

पान ६१

कागदावर होतं ते भुवनेश्वरीच्यानं वाचवेना. कागदाकडं बघत ती भलतंच बोलत सुटली. चंद्रिकाला सासरी परत नेणारी बस निघाली. आई मागं धावली. दारावर थापा मारल्या. पोरीला दंडाला धरून खाली उतरवलं. घरी आणलं.

पान ६२, ६३, ६४

कोरी असल्यासारखी गेली. शेंगा फुटायचा आवाज थांबला होता.

"खोटं," चंद्रव्वा म्हणाली. "उतरत हुती ती. मीच वर ढकललं. घरात तांदूळ नव्हतं, ज्वारीनं ओटी भरली अन् लावली वाटंला. नवव्या दिवशी गेल्याचा निरोप." मग हळूच, "तू असंच लिवलंयस?"

"व्हय."

फोन वाजला. भुवनेश्वरीनं आईचे दोन्ही हात धरले. "अव्वा, नको म्हण. एकदा म्हण फक्त. चौदाच्या चौदा पानं काढते."

"छाप."

"अव्वा..."

"छाप म्हटलं की."

भुवनेश्वरीनं फोन उचलला, "छापा" एवढंच म्हणाली आणि ठेवला.

"आता ते वाच परत," चंद्रव्वा म्हणाली.

"कुठलं?"

"बस थांबवल्यालं."

भुवनेश्वरीनं कागद उचलला. मघाशी काय रचलं, ते तिला आठवेना. "आईनं... हाका मारल्या..."

"हाका न्हाय. थापा. दारावर थापा मारल्या." चंद्रव्वानं कागदावर बोट टेकवलं. "मग दंडाला धरलं. म्हण की गं, दंडाला धरलं."