जीभताईंची सही

तिने चमचाभर कॉफी सुर्रकन ओढून घेतली, तोंडात घोळवली, टाळूला लावली आणि स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकली. काउंटरपलीकडे शाखेची मॅनेजर एप्रनच्या नाडीशी चाळा करत तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मॅनेजरच्या मागे कंपनीचे साहेब उभे होते आणि तेही तिच्याच चेहऱ्याकडे बघत होते.

“काय?” साहेबांनी विचारलं.

“अजून एक कप द्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या कपातही तेच. गरमपणा आणि जिभेच्या मुळाशी थोडा कडवटपणा. बाकी काही नाही. गरम पाण्यात ओटा पुसायचं फडकं पिळून दिलं असतं, तरी तिला एवढंच कळलं असतं.

एकोणीस दिवस हे असं चाललं होतं. आधी ताप आला, मग सर्दी. दोन्ही गेली आणि जाताना वास घेऊन गेली. एका सकाळी घरी दूध जळलं. ती शेगडीकडे पाठ करून उभी होती आणि सासूबाई पलीकडच्या खोलीतून ओरडत आल्या, “अगं, लक्ष कुठंय तुझं?” डॉक्टर म्हणाले होते, येईलही परत, नाहीही येणार. तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? कंपनीची साडेतीनशे दुकानं होती. कुठल्याही शहरात, कुठल्याही दुकानात शिरा, कॉफी तीच लागली पाहिजे, आणि ती तीच लागते की नाही हे ठरवणं हे तिचं काम होतं. दुकानांतली माणसं पाठीमागे तिला जीभताई म्हणत. सतरा वर्षांत ते नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि खरं तर तिला ते आवडायचं.

फेस बघून, रंग बघून, मशीनचा काटा बघून तिने आतापर्यंत वेळ मारून नेली होती. पण आता तक्रारी यायला लागल्या होत्या, सगळ्यांत जास्त या शाखेतून. कॉफी बदलली, असं रोजची गिऱ्हाइकं म्हणत होती. सकाळी गाडीत साहेब म्हणाले होते, “आज निकाल लावून टाकू. मशीन बिघडलं असेल तर मशीन बदलू, माणसं बिघडली असतील तर माणसं.”

साहेबांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर फुटपाथवर गेले. मॅनेजर पटकन पुढे झुकली.

“ताई, जरा आत येता?”

आतली खोली म्हणजे कपांची खोकी आणि दुधाचा फ्रीज यांच्यात दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. मॅनेजरने फडताळामागून एक अर्धवट पाकीट काढलं. तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेला होता.

“हे जुनं आहे, मागच्या महिन्यातलं. आणि हे आताचं. अकरा वर्षं मी या बिया दळतेय ताई. मला वेड तर लागलं नाहीये ना? तुम्हीच सांगा.”

तिने जुन्या पाकिटात नाक घातलं. मग नव्यात. मग परत जुन्यात, कारण तेवढाच वेळ जातो. मॅनेजर श्वास रोखून उभी होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. आपल्याही कपाळावर आला असणार, असं हिला वाटलं.

“काय ताई?”

“आपण गिऱ्हाइकालाच विचारू,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “रोजचं कोणी आलंय का?”

रोजचे होते अकराचे आजोबा. अकराच्या ठोक्याला येत म्हणून हे नाव. खिडकीपाशी बसले होते. समोरचा कप अर्धा भरलेला आणि थंड. मॅनेजरने जुन्या आणि नव्या पाकिटातले दोन ताजे कप त्यांच्यापुढे ठेवले आणि कुठला कशाचा ते सांगितलं नाही.

आजोबांनी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दुसऱ्या कपातला घेतला. ते थांबले. परत घेतला. मग तो कप दोन्ही हातांत धरला.

“ही आपली,” ते म्हणाले. “ती नाही.”

मॅनेजरने तिच्याकडे बघून मान डोलावली. तो कप जुन्या पाकिटातला होता.

“नक्की?” तिने विचारलं.

“बाई, माझ्या नऊ बदल्या झाल्या. नऊ गावं. दर वेळी नवीन घर, नवीन शेजारी. बायको म्हणायची, आधी ते कॉफीचं दुकान शोधा. मग तिथं बसून आम्ही दोघं ठरवायचो, हे गाव बरंय की नाही. आता ती नाही. पण इथं आलं की काही हललं नाही असं वाटायचं.” त्यांनी आवाज खाली आणला. “मागच्या आठवड्यात घोट घेतला आणि भीती वाटली मला. वाटलं, माझंच डोकं काम देईनासं झालंय. मुलगी म्हणतेच, बाबा, तुम्ही विसरायला लागलात. परवा ती मला वृद्धांच्या कुठल्याशा संस्थेत खोली दाखवायला घेऊन गेली. मी हो म्हणून आलोय.”

तिला तिथे उभं राहवेना. ती आत गेली. नवी पाकिटं ज्या खोक्यातून आली होती, त्याच्या बाजूला मंजुरीची चिठ्ठी चिकटवलेली होती. तारीख तिच्या सर्दीच्या दुसऱ्या दिवसाची. नमुना घरी पाठवला होता कंपनीने. अंथरुणावर बसून, नाक चोंदलेलं असताना, तिने तो चाखला होता आणि सवयीने खाली सही केली होती. सर्दी काय, दोन दिवसांत जाईल. तीच कॉफी आता साडेतीनशे दुकानांत उकळत होती.

“झालं?” साहेब दारात उभे होते. “मशीन की माणसं?”

“बिया,” ती म्हणाली. “बिया वेगळ्या आहेत. मी मंजूर केल्या. मला वास येत नाही साहेब. त्या दिवसापासून.”

साहेब चिडतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खोक्यावर टेकून बसले.

“बिया बदलल्यात हे मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “वरून ठरलंय ते. फक्त तुम्हाला फरक कळतो का, तेवढं बघायचं होतं. तुमची सही आली. मग कोणी काही विचारलंच नाही.”

तिची नजर चिठ्ठीवरच्या आपल्या सहीकडे गेली.

“लोक चवीसाठी येतात असं वाटतं तुम्हाला? पाटी तीच, खुर्च्या त्याच, कपावरचं चित्र तेच. दोन महिन्यांत हीच चव जुनी होईल.” त्यांनी तपासणीचा फॉर्म तिच्यापुढे धरला. “मशीनची निगा राखण्यात हयगय, एवढं लिहा. मॅनेजर नवी आणू, तक्रारी बंद होतील. आणि तुमच्या नाकाचं माझ्याजवळच राहील. काळजी करू नका.”

आवाज अगदी मऊ होता.

तिने फॉर्म घेतला आणि बाहेर काउंटरवर जाऊन लिहायला लागली. कारण: बिया बदलल्या आहेत. नमुना मंजूर करताना मला वास येत नव्हता. शाखेची चूक नाही. खाली तारीख घातली, सही केली आणि कागद साहेबांच्या हातात न देता मॅनेजरच्या हातात दिला.

“याचा एक फोटो काढून ठेवा तुमच्याजवळ.”

मॅनेजरने वाचलं आणि तोंडावर हात धरला.

खिडकीपाशी आजोबांनी कप रिकामा केला होता.

“उद्यापण मिळेल ना हीच?”

“नाही मिळणार,” ती म्हणाली. खुर्ची ओढून ती त्यांच्यासमोर बसली. “तुमच्या मुलीला फोन लावून देता मला?”

आजोबांनी लावून दिला. घंटी वाजत राहिली. मागून साहेबांनी “बाई, एक मिनिट,” म्हणून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. पलीकडून फोन उचलला गेला.

“तुमच्या वडिलांच्या डोक्याला काही झालेलं नाही,” ती घाईघाईने म्हणाली. “कॉफी खरंच बदललीय. इतक्या लोकांत त्यांनी बरोबर ओळखलं. हो, हो, अगदी खात्रीने सांगते.”

“पण आपण कोण बोलताय?” मुलीने विचारलं.

“मी इथली चव तपासत होते,” ती म्हणाली.