यतीनच्या ट्रेलरचा कागद

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकदाच काहीतरी स्वतःच्या हातानं बनवायला घेतलं, आणि ते काय, तर ट्रेलर! गाडीच्या मागे जोडायचा, चार फूट रुंद, आठ फूट लांब. सुटे भाग मागवायचे, घरी जोडायचे, वर प्लायवुडची एक खोली बांधायची. खोली म्हणजे पुढून गोल, मागे निमुळती, आत फक्त एक गादी मावेल एवढी. आणि त्यात म्हणे आम्ही दोघं डोंगरात जाऊन झोपणार. पुण्यात असताना ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला ज्याला वायरमन लागायचा, तो हा यतीन!

झालं होतं असं, की त्याच्या एच-वन व्हिसाची सहा वर्षं सप्टेंबरात संपत होती. ग्रीन कार्डाचं काम करतो, करतो म्हणत कंपनीनं शेवटी हात वर केले होते. वीस सप्टेंबरची परतीची तिकिटं काढून झाली. त्या दिवशी जेवताना हा म्हणाला, "रेणू, सहा वर्षांत मी अमेरिकेत काय बघितलं गं? क्यूबिकल, मॉरिसव्हिलमधलं हे टाउनहाऊस आणि इंडियन स्टोअर. नायगारा चार वेळा, तोही दर वेळी कुणाचे तरी आईवडील आले म्हणून. जायच्या आधी मला एक वीकेंड डोंगरात झोपायचंय. हॉटेलात नाही. मी बनवलेल्या घरात."

"झोप की," मी म्हटलं. "डास तुझी वाटच बघतायत."

तर साहेबांनी सप्टेंबरच्या सुरुवातीच्या, लेबर डेच्या वीकेंडचं ब्लू रिजच्या डोंगरातलं कॅम्पग्राउंड बुक करूनही टाकलं.

जूनमध्ये दोन खोकी आली. ती उचलायला यतीनच्या मित्राला, विनयला, बोलवावं लागलं. सोबत तीन पानी माहितीपत्रक, त्यातलं इंग्रजी कुणी लिहिलं होतं देव जाणे. दीडशे नटबोल्ट. ते वेगळे ठेवायला ह्यानं माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या पळवल्या. मोहरीच्या वाटीत वायसर! पहिल्या शनिवारी त्यानं आस उलटा लावला. दुसऱ्या शनिवारी तो सोडवला. तिसऱ्या शनिवारी दिवे जोडले, तर डावीकडचा इंडिकेटर दाबला की उजवीकडचा लागायचा, आणि हा गॅरेजमध्ये उकिडवा बसून स्वतःशीच म्हणत होता, "लॉजिक तर बरोबर आहे." लॉजिक, डोंबल!

हे सगळं मी मीनाक्षीकडच्या पॉटलकला रंगवून सांगायची. मीनाक्षी विनयची बायको, दर पंधरवड्याला तिच्याकडे आम्ही आठ-दहा मराठी घरं आपापला एकेक पदार्थ घेऊन जमायचो. मी यतीनचं ते उकिडवं बसणं करून दाखवायची, चष्मा नाकावर सरकवून माहितीपत्रक वाचणं करून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. विनयनं ट्रेलरचं नाव रसवंती ठेवलं, फक्त घुंगरू बांधायचे बाकी आहेत म्हणाला. यतीनही हसायचा. पुढच्या वेळी लोक दारातच विचारायचे, "काय वहिनी, ह्या आठवड्यात काय नवीन?" खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जुलैअखेर खोलीशिवायचा नुसता ट्रेलर उभा राहिला. यतीन ऑफिसला गेलेला असताना मी गॅरेजमध्ये गेले, त्याच्यावर चढले आणि चांगल्या चार-पाच उड्या मारल्या. मोडेल असं वाटलं होतं. साधा कुरकुरलासुद्धा नाही. हे मात्र मी पॉटलकला सांगितलं नाही.

आता कागदाचं. खोक्यांबरोबर कंपनीचं एक सर्टिफिकेट आलं होतं, ट्रेलरचा जन्मदाखलाच म्हणा. तो दाखवल्याशिवाय नंबरप्लेट नाही, आणि नंबरप्लेटशिवाय ट्रेलर रस्त्यावर नाही. इतका महत्त्वाचा कागद, आणि ह्या गृहस्थानं तो कुठे ठेवला असेल? ग्रीसच्या डब्यावर! कोपऱ्यावर काळा अंगठा उमटलेला. माझं डोकंच फिरलं.

माझ्या माहेरी ही शिस्तच होती. दहावीचा निकाल लागला की पेढे नंतर, आधी मार्कशीट लॅमिनेट. बाबा स्वतः दुकानात उभे राहून करून घ्यायचे. माझ्या सगळ्या डिग्र्या, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, सगळं प्लॅस्टिकमध्ये चकचकीत. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये मी तर घरी मशीनच आणलं होतं, आणि मॉरिसव्हिलमधल्या निम्म्या बायका पोरांची सर्टिफिकेटं घेऊन माझ्याकडे यायच्या. तर मी तो कागद उचलला, अंगठा पुसला, मशीनमधून काढला आणि फायलीत लावून टाकला. दोन मिनिटांचं काम. यतीननं विचारलं तेव्हा म्हटलं, "फायलीत आहे. माझं तुझ्यासारखं नसतं."

ऑगस्टभर त्यानं खोली बांधली. कापलं, घासलं, तीन हात वार्निश दिलं. सगळं झाल्यावरच नंबर घेऊ म्हणत राहिला, आणि ट्रिपच्या आठ दिवस आधी आम्ही फाइल घेऊन नंबरप्लेटच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाईनं फाइल उघडली. तो कागद दोन बोटांनी उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हे कुणी केलं?"

मागच्या बाजूला विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या व्हायच्या होत्या, ऑफिसचा शिक्का बसायचा होता. प्लॅस्टिकवर काही उमटणार नव्हतं. आणि असा बंद केलेला कागद त्यांच्या लेखी बादच. आमच्या मागे पंधरा माणसं रांगेत उभी. यतीननं माझ्याकडे एकदा बघितलं.

"मी केलं," तो म्हणाला.

बाई मान हलवत म्हणाली, अरेरे, कंपनीकडून दुसरा मागवा. मी शेजारीच उभी होते. मी, जिचं तोंड एरवी बंद करावं लागतं, ती मी पर्सचा बंद धरून गप्प उभी राहिले.

पार्किंगमधूनच त्यानं कंपनीला फोन लावला. सहा आठवडे. म्हणजे ऑक्टोबर. तोवर आम्ही पुण्यात.

घरी येऊन मी त्या प्लॅस्टिकला इस्त्री लावली, ब्लेड लावलं. प्लॅस्टिकबरोबर अक्षरंच निघून यायला लागली. यतीन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. "राहू दे, रेणू," म्हणाला. मी म्हटलं, तंबू घेऊन जाऊ. म्हणाला, "राहू दे गं." त्यानं बुकिंग कॅन्सल केलं. अरे, ओरड की माझ्यावर! दोन शिव्या घाल! नाही. आत जाऊन बॅगा भरायला लागला.

ट्रेलर एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसानं घेतला. त्याला रस्त्यावर काढायचा नव्हताच, परसात कोंबड्या ठेवायच्या होत्या. मोठ्या ट्रकवर चढवून घेऊन गेला. यतीननं त्याला दोऱ्या बांधायला मदत केली, आणि दरवाजाची कडी जरा दाबून लावावी लागते, तेही नीट समजावून सांगितलं.

निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी मीनाक्षीनं आम्हाला निरोपाचं जेवण दिलं. पुरी-श्रीखंड, बटाट्याची भाजी, सगळी मंडळी. विनयनं विचारलंच, "काय रे, रसवंती कुठे गेली?"

यतीननं सांगितलं. चांगलं सांगितलं, मी सांगायची तसंच. शेवटी म्हणाला, "आणि मी शहाणा, तो कागदच लॅमिनेट करून ठेवला!" घर दणाणलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

मी हातातला घास ताटात ठेवला.

"यतीननं नाही," मी म्हटलं. "मी केलं लॅमिनेट."

विनय म्हणाला, "वा वहिनी! जाता जाता नवऱ्याला पाठीशी घालताय?" आणि पुन्हा हशा.

"अहो, खरंच मीच केलं. मशीन माझं आहे ना!"

"तू? कायच्या काय!" मीनाक्षी म्हणाली. "तू असं कसं करशील? त्यालाच शोभतं ते." आणि तिनं, मी करायची तसं, यतीनचं ते उकिडवं बसणं करून दाखवलं, चष्मा नाकावर सरकवून, अगदी हुबेहूब. लोकांना हसू आवरेना. मी तिसऱ्यांदा सांगितलं, जरा ओरडूनच, तर ते सगळ्यात जास्त हसले.

मी यतीनच्या दंडाला धरलं. "सांग ना रे त्यांना. मी केलं म्हणून सांग!"

त्यानं पुरी मोडली, श्रीखंडाला लावली.

"हसू दे गं," तो हळूच म्हणाला. "मला सवय आहे."

टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आलं असतं.