पाठीसकट पिशवी

पिशवीकाका हे नाव गल्लीने ठेवलं आणि काकांनी ते पदकासारखं मिरवलं. तीस वर्षं त्यांनी घाटांतून ट्रक हाकला. खेपेगणिक मेंढपाळांच्या तळावरून एखादी जुनी विणलेली पिशवी, क्वचित गालिचा घेऊन घरी यायचे. बायको होती तोवर म्हणायची, "लोकांचे नवरे पगार आणतात, आमचे हे लोकर आणतात."

आता बायको नव्हती, आणि मोठं घर सोडून मुलीबरोबर दोन खोल्यांत राहायला जायचं होतं. चाळीस पिशव्या आणि चार गालिचे तिथे मावायचे नाहीत, म्हणून मुलीने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावलं.

व्यापाऱ्याने मिठाची पिशवी उचलली. जनावराचं तोंड आत जाऊ नये म्हणून तिचा गळा मुद्दाम चिंचोळा विणलेला. पुढे लाल-निळी नक्षी, मागे साधे तपकिरी पट्टे.

"अस्सल माल, काका. सगळा उचलतो. पाठी तेवढ्या काढून टाकू."

"म्हणजे?"

"मागची बाजू कापायची, नक्षी चौकटीत बसवायची. भिंतीवर पाठ कोण बघतो?" बोलता बोलता त्याने खिशातली कात्री काढून कडेचे दोन टाके उसवलेसुद्धा.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठेव ती खाली!"

"अहो, सगळेच असं करतात."

"करू देत. विणणारीने मला आधी पाठ दाखवली होती. म्हणाली, नक्षी पाहुण्यांसाठी. घोड्याच्या अंगाला लागते ती पाठ. ती टोचली तर माझी लाज जाते."

त्यांनी जाड सुई घेतली, भडक पिवळा दोरा ओवला आणि व्यापाऱ्याला ताटकळत ठेवून शिवण घातली. दोन टाक्यांच्या जागी चार.

मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, हट्ट पुरे. दोन कपाटं ठेवली की खोली संपते. हे सगळं काय डोक्यावर ठेवू?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. मग काका उठले, कपाट उघडलं आणि घोड्यावर टाकायच्या जोडपिशवीत कपडे भरू लागले. एका बाजूला शर्ट, दुसऱ्या बाजूला चादरी. मिठाच्या पिशवीत पळ्या आणि चमचे. भरली की भिंतीवरच्या खिळ्याला.

"हे काय चाललंय?"

"ज्यांनी ह्या विणल्या त्यांचं अख्खं घर ह्यांच्यात मावायचं. आपलं काय राजवाड्याचं सामान आहे?"

व्यापारी कळवळला. "काका, वापरल्यात तर मातीमोल होतील!"

"आणि कापल्यावर?"

मुलगी रिकाम्या होत चाललेल्या कपाटाकडे बघत राहिली. मग तिने एक मोठी पिशवी ओढली आणि तिचं तोंड उघडून धरलं.

"उशा इकडे द्या."

काका व्यापाऱ्याकडे वळले.

"रिकाम्या हाताने नको जाऊस. कपाटं घेतोस का? दोन आहेत. पाठीसकट."