न गेलेला हक्क

अमेरिकेत, अलाबामातल्या एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी काही वकील मोफत सल्ला द्यायला बसत. शिक्षा भोगून आलेल्यांना मतदानाचा हक्क परत मिळवून द्यायचा, हे त्यांचं काम. ओडेसा तिथे इस्त्रीचा झगा घालून, माफी मागायला यावं तशी आली. सव्वीस वर्षांपूर्वी पर्समध्ये नशेची पुडी सापडली म्हणून ती तुरुंगात गेली होती.

डेल्फीन या तरुण वकीलबाईने जुना निकाल दोनदा वाचला. "मावशी, मताचा हक्क जातो त्या गुन्ह्यांच्या यादीत हा गुन्हाच नाही. तुमचा हक्क गेलाच नव्हता!"

डेल्फीन हसत होती, ओडेसा नाही. हक्क गेला, असं तुरुंगातली एक बाई म्हणाली होती, आणि ओडेसाने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. तिने मतदार नोंदणीच्या अर्जावर सही केली, पण उठली नाही.

"माझा धाकटा भाऊ लूथर, त्याचाही गुन्हा हाच. निवडणूक आली की तो मत द्यायला निघायचा, आणि मीच दार अडवायचे. 'परत आत जायचंय का मेल्या?' म्हणायचे."

"मग फोन लावा ना त्यांना."

लूथरने फोन उचलला. "काय गं ताई, काही बिघडलं का?"

"मीच बिघडवलं होतं रे. माझं चुकलं." तिने सगळं सांगितलं. "तुझे कोर्टाचे कागद घे आणि इकडे ये."

पलीकडून तो म्हणाला, "तू चूक कबूल केलेली जन्मात ऐकली नव्हती. परत एकदा म्हण."

तिने परत म्हटलं, आणि तो येईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.