निरांजनावरचा हात

मॅचच्या दिवशी घरातून निघताना माझा नवरा माधव बूट घालण्याआधी देवासमोर येतो. डाव्या हातात हेल्मेट लटकत असतं, म्हणून आरती घ्यायला उजवा हात एकटाच पुढे येतो. ज्योतीवर तळहात धरायचा, डोळ्यांना लावायचा, की निघाला. आरती दोन्ही हातांनी घ्यावी असं सासूबाई त्याला लहानपणापासून सांगत आल्या आहेत. तो म्हणतो, "देवाला चालते, आई." त्याचं मराठी कार्डिफमध्येच वाढलेलं. देवाला चालतो, चालते की चालतं, यात तो फारसा पडत नाही.

आमचं देवघर जिन्याखालच्या कोनाड्यात आहे. कापूर लावला की स्मोक अलार्म ओरडतो, म्हणून फक्त तुपाचं निरांजन. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पूजा सासूबाई करत. मग त्यांचे हात थरथरायला लागले, ताम्हनात पाणी कमी आणि बाहेर जास्त पडू लागलं. एके दिवशी त्यांनी घंटा आणि पळी माझ्या हातात दिली, आपली खुर्ची मागे ओढली आणि बसल्या. हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून जन्म काढलेली बाई; चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण माझ्या पूजेबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटायचं, बरं चाललं असावं.

माधव अमेरिकन फुटबॉल खेळतो. वेल्समध्ये हे सांगितलं की लोक हसतात. रग्बीच्या मुलखात हेल्मेट घालून कसलं खेळता, म्हणतात. युनिव्हर्सिटीत त्याला हा नाद लागला आणि पुढे टॅफसाइड हेरन्स नावाच्या हौशी क्लबात तो क्वार्टरबॅक झाला. हेरन म्हणजे बगळा, म्हणून सासूबाई सबंध टीमला 'बगळे' म्हणतात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू ज्याच्या हातात आधी येतो तो. बाकीचे त्याच्या हाकेवर सुटतात, समोरचे धिप्पाड लोक त्याला आडवं करायला धावतात, आणि तेवढ्या दोन श्वासांत चेंडू कुणाकडे फेकायचा ते त्याने ठरवायचं. टीममध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, शाळेतले शिक्षक आहेत. माधव स्वतः हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. खेळण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. तरी रविवारी मैदानाच्या कडेला त्याच्या नंबरचे शर्ट घातलेली माणसं दिसतात, आणि त्यांतली काही आता आपापल्या मुलांना घेऊन येतात.

त्यामुळेच प्रश्न अवघड झाला. माधवची चाळिशी उलटली. चहाच्या खिडकीपाशी लोक हळू आवाजात बोलायचे आणि मी जवळ गेले की हवापाण्याकडे वळायचे. आणखी एक सीझन खेळेल का? नंतर कोण? 'नंतर कोण' याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ओवेन युनिव्हर्सिटीच्या टीममधून आलेला, अंगाने सडपातळ, पण चेंडू असा फेकतो की हवा फाटल्याचा आवाज येतो. माधवनेच त्याला क्लबात आणलं. आमच्या डायनिंग टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून, कुठला चमचा कुठे धावेल ते शिकवलं. ओवेन सासूबाईंना 'आई' म्हणतो आणि त्यांची साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतो. त्याचं नाव 'पिल्लू' पडलं आहे. पण कोच ग्लिन वसंतात घरी येऊन, यंदा पहिल्यापासून ओवेनलाच उतरवू या का, असं जपून विचारून गेला, तेव्हा माधव म्हणाला, एक सीझन अजून. मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता.

जुलैच्या एका मॅचला दोघांनी त्याला एकदम धरलं आणि तो मानेवर आपटला. उठला, हात हलवला, पुढे खेळला. घरी आल्यावर म्हणाला, जरा मुंग्या येतायत. नंतर तो विषय त्याने काढला नाही. तो शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतोय, चहाचा मगही डाव्या हाताने धरतोय, हे मला दिसत होतं. थकला असेल, असं मी मनाशी म्हणायची.

श्रावण लागला. गुरुवारी त्याची दुपारची पाळी होती, म्हणून पूजेच्या वेळी तो घरात होता. आरती झाल्यावर मी निरांजनाचं ताम्हन पुढे केलं. एका हातात फोन धरून तो मागे बसलेल्या सासूबाईंशी रविवारच्या सेमीफायनलबद्दल बोलत होता. बोलता बोलताच त्याने उजवा हात ज्योतीवर धरला. बोलत राहिला. हात तिथेच. ज्योत करंगळीच्या कडेला लागली होती. केस जळल्यासारखा वास आला तेव्हा मी ताम्हन मागे ओढलं.

"काय झाला?" तो म्हणाला, आणि नेहमीसारखा हात डोळ्यांना लावला.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "हात दे इकडे. डोळे मिट." आवाज सिस्टरचा होता. त्यांच्या थरथरत्या बोटांनी त्या एकेक बोटाच्या टोकाला नख दाबत गेल्या. करंगळी, शेजारचं बोट, मग तळव्याची कड. करंगळीला फोड धरत होता.

"सुरू कर ना, आई," माधव डोळे मिटूनच म्हणाला.

सासूबाईंनी त्याचा हात आपल्या हातात तसाच ठेवला. मग माधवने सगळं सांगितलं. मानेचं स्कॅन झालं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की नस दाबली गेली आहे. तसाच आणखी एक मार बसला तर हात पुन्हा चालेल याचा भरवसा नाही, आणि प्रश्न फक्त हाताचा राहणार नाही. ग्लिनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बोटं जागेवर आहेत की नाहीत हे माधव फेकण्याआधी डोळ्यांनी बघायचा.

"फक्त हा एक मॅच," तो म्हणाला. "मग मी थांबते." घाईत असला की त्याचं असं होतं, एरवी आम्ही हसलो असतो. ओवेनला समोरच्यांचा डाव अजून वाचता येत नाही, सेमीफायनलला असं टीमला वाऱ्यावर सोडता येत नाही, ग्लिनला कुणी काही सांगायचं नाही, असं बरंच काही तो बोलत होता. सासूबाई आत जाऊन फोडाला लावायचं मलम घेऊन आल्या.

संध्याकाळी मी वाती वळत बसले होते. तो समोर येऊन बसला. मी भांडणार, असं त्याला वाटलं असावं. मला भांडता येत नाही, आणि भांडून कुणाचं काही थांबलेलं मी पाहिलेलं नाही. शिवाय त्याच्या पाठीमागे ग्लिनला फोन करणं म्हणजे वीस वर्षं त्याने जे हातात धरलं ते त्याच्या हातातून हिसकावणं.

"मी ग्लिनला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "पण रविवारी निघताना आरती घ्यायला ये. रोजच्यासारखं."

त्याने करंगळीवरच्या फोडाकडे पाहिलं. "दॅट्स नॉट फेअर, अनु."

मी वात वळत राहिले.

शनिवारी ओवेन येऊन गेला. दारात बूट चढवताना त्याने मला विचारलं, माधव ठीक आहे ना. सरावात त्याचे चेंडू पोचायच्या आधीच पडतायत. ग्लिनला सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही, म्हणाला. शिकवलं माधवनेच, आता त्याचीच चहाडी कशी करायची. ओवेनसमोर मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, त्यालाच विचार. ओवेनने मान हलवली आणि न विचारता निघून गेला.

रविवारी माधव टीमची जर्सी घालून खाली आला. डाव्या हातात हेल्मेट. मी ताम्हन पुढे केलं. त्याने उजवा हात उचलला आणि मध्येच थांबला. ज्योत किती जवळ आहे हे तो डोळ्यांनी मोजत होता. मी ताम्हन हलवलं नाही, खालीही घेतलं नाही.

त्याने हेल्मेट चपलांच्या रॅकवर ठेवलं. मग दोन्ही हात एकदम ज्योतीवर आणले. डावा चटका बसताच मागे आला. उजवा तिथेच राहिला. मी पटकन ताम्हन बाजूला केलं. तो आपल्या दोन हातांकडे आळीपाळीने बघत उभा राहिला.

मग मागे वळून त्याने सासूबाईंना विचारलं, "आई, तू पूजा सोडली तेव्हा तुला राग नाही आला? असा मागे बसायला?"

"आला," सासूबाई म्हणाल्या. "अजून येतो. ही निर्माल्य काढायच्या आधी देवांवर पाणी घालते, तेव्हा तर फारच येतो." मी मान खाली घातली. "मग ती घंटा वाजवते, आणि मी हात जोडते."

तो दाराकडे वळला. बूट घातले, गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. आम्ही दाराबाहेर पडत होतो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माधव, हेल्मेट राहिलं."

"राहू दे," तो म्हणाला.

हेल्मेटशिवाय पंच मैदानात पाऊलही ठेवू देत नाहीत.

मैदानावर पोचल्यावर तो एकटाच ग्लिनकडे गेला. लांबून मला शब्द ऐकू आले नाहीत. ग्लिनने आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग फार जपून त्याच्या पाठीवर हात ठेवला. क्वार्टरबॅकच्या मनगटावर एक पट्टा असतो, त्यात सगळे डाव बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. माधवने तो सोडला आणि ओवेनच्या मनगटावर बांधायला घेतला. उजवी बोटं साथ देत नव्हती, तेव्हा एक टोक त्याने दातात धरलं. राखी बांधून घेताना धरावा तसा ओवेनने हात पुढे धरला होता आणि तो दुसरीकडे बघत होता, कारण त्याचे डोळे भरले होते.

बगळे ती मॅच हरले, हे आधीच सांगून टाकते. ओवेनचा पहिलाच चेंडू समोरच्यांच्या हातात गेला. कडेला कुणीतरी मोठ्याने माधवचं नाव घेतलं. आणखी दोघांनी घेतलं. माधवचं तोंड उघडलं. ओवेनने कुठे बघायला हवं होतं ते त्याला दिसलं होतं. मग त्याने ओठ मिटले आणि रेषेपासून एक पाऊल मागे सरकला. सासूबाई घडीच्या खुर्चीत पायांवर शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांचं चेंडूकडे लक्ष नव्हतं, त्या आपल्या मुलाकडे बघत होत्या.

दुसऱ्या वेळी ओवेनने जास्त वाट पाहिली. समोरचा माणूस अंगावर येईपर्यंत थांबला आणि मग फेकला. चेंडू आमच्या डोक्यांच्या उंचीवरून, फार लांब गेला आणि धावत्या हातांत पडला. सगळे ओरडत उठले. माधव ओरडला नाही. त्याने दोन्ही हात जवळ आणले आणि टाळी वाजवली. उजव्या हाताला ती लागली की नाही, मला माहीत नाही. आवाज मात्र आला.